भिंतीपलीकडचा सामना

गेल्या वसंतात एका बुधवारी, दक्षिण कोरियातल्या फुटबॉलच्या कप स्पर्धेत, उत्तरार्ध सुरू होऊन थोडाच वेळ झाला असताना, दुसऱ्या डिव्हिजनच्या संघाचे दोन सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू, कॉर्नरवर आलेल्या एकाच चेंडूसाठी उडाले आणि हवेत एकमेकांवर आदळले. दोघंही पडले. एक उठला. दुसरा उठला नाही.

तिथे संध्याकाळ होती. टेक्सासमधल्या फ्रिस्कोत उजाडत होतं. मी आमच्या अपार्टमेंटमधल्या लहान खोलीत हेडफोन लावून त्या सामन्याच्या नोंदी करत होते. त्या दोघांपैकी एकाची आई शेजारच्या अपार्टमेंटमध्ये, माझ्या टेबलामागच्या भिंतीपलीकडे, तोच सामना टीव्हीवर लावून बसली होती.

माझं काम सांगायला हवं. पुण्यात मी एका मराठी दैनिकाच्या क्रीडा विभागात उपसंपादक होते. लग्नानंतर अमेरिकेत आले, वर्क परमिट मिळायला वेळ लागला, आणि ते हातात आल्यावर खेळांची आकडेवारी पुरवणाऱ्या एका कंपनीत घरून करायचं काम मिळालं. इथे ज्या वेळी सहसा कोणी जागं नसतं त्या वेळी चालणाऱ्या लीग नव्या लोकांकडे येतात. माझ्याकडे कोरियाची आली. पहिली डिव्हिजन, दुसरी डिव्हिजन, आणि दोन्हींतले संघ एकमेकांसमोर येतात तो कप.

कंपनी मैदानावरून थेट चित्र पाठवते. त्याला कॉमेंटरी नसते, फक्त प्रेक्षकांचा आवाज असतो. टीव्हीवरचं प्रक्षेपण त्याच्यामागून साधारण अर्ध्या मिनिटाने येतं. प्रत्येक पास, थ्रो-इन, फाउल, कॉर्नर, त्या त्या खेळाडूच्या जर्सीच्या नंबरासह कीबोर्डवर टाकायचा. टाकलेली गोष्ट काही क्षणांत जगभरच्या मोबाइल ॲपवर दिसते. सामना चालू असताना स्वतःचा फोन ड्रॉवरमध्ये ठेवायचा. जे टीव्हीवर अजून आलेलं नाही ते कोणालाही सांगायचं नाही. हा नियम सट्ट्यामुळे आहे.

दुसरा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत. आधी टाका, मग सुधारा. नंबर दिसला नाही तर जागेवरून अंदाज करायचा. उजवीकडचा बॅक म्हणजे अमुक नंबर असणार. चुकलं तर नंतर बदलायचं. ॲपवर आकडा गुपचूप बदलतो, कोणाच्या लक्षातही येत नाही.

वर्तमानपत्रात मी याच्या उलट शिकले होते. अपघाताच्या बातमीत, घरच्यांना कळल्याची खात्री होईपर्यंत नाव जात नसे. पान छपाईला जायचं थांबलेलं असलं तरी नाही. त्यामुळे नंबर दिसला नाही की मी ती जागा रिकामी ठेवायचे आणि सुपरवायझर वैतागायचा.

नवरा नागपूरचा, आयटीतला. त्याला या कामाची गंमत वाटायची.

"पहाटे उठून दुसऱ्यांचे थ्रो-इन मोजणारी अख्ख्या टेक्सासात एकच मराठी बाई आहे, अन् ती माझ्याच घरात आहे," तो म्हणायचा. "अन् वरून पुण्याची. म्हणजे मोजलेलं चुकलं असं कधी म्हणणारच नाही."

"चुकलेलं असेल तर म्हणेन," मी म्हणायचे.

"बघा बाप्पा!"

शेजारीण पहिल्यांदा भिंतीतूनच कळली. एका पहाटे मी गोल नोंदवला आणि थोड्या वेळाने भिंतीपलीकडून बाईच्या आवाजात आरोळी आली. पुढच्या गोलालाही तसंच झालं. भिंती पातळ आहेत. मिक्सर लावला तरी पलीकडे कळतं. त्या आठवड्यात पत्रपेट्यांजवळ एक साठीच्या बाई भेटल्या. मी विचारलं, तुम्ही सकाळी फुटबॉल बघता का? आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत व्हायचं; दोघींचीही वाक्यं अर्ध्यावर संपायची.

"माझा मुलगा खेळतो," त्या म्हणाल्या. "तू का बघतेस?"

मी काम सांगितलं. त्यांनी फोन काढून ॲप दाखवलं.

"हे तू लिहितेस?"

"कोरियाचं बरंचसं मीच."

"मग चोर तूच. टीव्हीवर गोल व्हायच्या आधी माझ्या फोनवर होतो. माझे सगळे गोल तू खाल्लेस."

त्यांना काय म्हणायचं हा प्रश्न नवऱ्याने सोडवला. वयाने मोठ्या शेजारणीला तो सरसकट मावशी म्हणतो. मावशी म्हणजे आईची बहीण, असं मी समजावल्यावर त्या हसल्या. कोरियनमध्ये आईच्या बहिणीला इमो म्हणतात, आणि तिथेही ओळखीच्या, बिनओळखीच्या सगळ्या बायकांना इमो म्हणून हाक मारतात. तेव्हापासून मी त्यांना इमो म्हणू लागले आणि आपोआप एकेरीवर आले. नवऱ्याची मावशीच राहिली.

इमो मुलीकडे राहायची. मुलगी इथल्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स. तिची शिफ्ट पहाटे सुरू व्हायची. मुलगा कोरियातच, फुटबॉलसाठी मागे राहिलेला. सक्तीची लष्करी सेवा त्याने सैन्याच्या फुटबॉल संघातून केली होती. तिथे असा एक संघ आहे. त्याचे खेळाडू सेवेत असलेले सैनिक असतात, आणि गोल केला की प्रेक्षकांकडे तोंड करून सॅल्यूट ठोकतात. मुलगा बचावपटू, पण तिथे असताना त्याने एक गोल केला होता. त्याचा फोटो इमोच्या फ्रीजवर होता. केस बारीक कापलेले, पाठ ताठ, उजवा हात भुवईशी.

"लहानपणी दूध प्यायला सांगितलं तर ऐकायचा नाही," फोटो दाखवताना इमो म्हणाली. "आणि इथे बघ. किती सरळ उभा आहे."

सेवा संपवून तो आपल्या मूळ क्लबकडे, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये परतला होता. जर्सीचा नंबर २०. शेजारी खेळाडूची आई राहते हे मी कंपनीला कळवलं होतं. नातं नाही, तेव्हा हरकत नाही, असं उत्तर आलं.

इमोची एक सवय होती. ती कॉर्नर बघत नसे. कॉलेजात असताना एका कॉर्नरवर मुलाचं नाक मोडलं होतं. तेव्हापासून कॉर्नर आला की ती टीव्हीकडे पाठ करून उभी राहायची आणि फोन बघायची. ॲपवर कॉर्नरच्या पुढे पुढची नोंद आली, म्हणजे चेंडू बाहेर गेला किंवा गोलकीपरने पकडला असं दिसलं, की मग वळायची. म्हणजे कॉर्नरच्या वेळी ती सामना माझ्या नोंदींवरून बघत होती. हे तिने मला सहज सांगितलं होतं. पुढे प्रत्येक कॉर्नरला ते मला आठवायचं.

त्या बुधवारी समोर पहिल्या डिव्हिजनचा संघ होता. गोल झालेला नव्हता. मध्यंतरानंतर समोरच्यांनी आपला वेगवान विंगर डावीकडून उजवीकडे हलवला. उत्तर म्हणून या संघाच्या दोन सेंटर-बॅकनी बाजू बदलल्या. २० नंबरचा आतापर्यंत उजवीकडे होता, तो डावीकडे गेला. ४ नंबरचा उजवीकडे आला. दोघं उंचीला सारखे, केसांची ठेवण सारखी.

मग कॉर्नर आला.

धडकेचा आवाज मैदानावरच्या मायक्रोफोनने पकडला. लाकडी पाट फरशीवर आपटावा तसा. प्रेक्षकांचा आवाज एकदम कमी झाला. गोलकीपरने दोन्ही हात वर करून बेंचच्या दिशेने हलवले. जवळच्या एका खेळाडूने पडलेल्याकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली. त्याच क्षणी चित्र बदललं. अशा वेळी तिथले कॅमेरामन जवळचं दृश्य दाखवत नाहीत. स्टँडच्या माथ्यावरचा कॅमेरा लावतात. त्यात माणसं काडेपेटीतल्या काड्यांएवढी दिसतात.

खेळाडूंनी पडलेल्याभोवती बाहेर तोंड करून कडं केलं. उठलेला खेळाडू लटपटत गोलपोस्टपाशी गेला, खांबाला पाठ टेकून बसला आणि जर्सी तोंडावर ओढून घेतली. त्याचा नंबर खांबाकडे होता. पडलेल्याचा नंबर कड्याच्या आत.

मी "खेळ थांबला" एवढं टाकलं. कारण: दुखापत. नंबराची जागा रिकामी सोडली.

हेडफोनमध्ये सुपरवायझर आला. तो न्यू जर्सीत, पार्सिपनीला बसतो. मूळचा मुंबईचा, माझ्याहून लहान.

"ताई, नंबर?"

"दिसला नाही."

"सेंटर-बॅक आहे ना? दोनच आहेत यार. एक टाका."

"कुठला?"

"डावीकडचा पडलाय. डावीकडे फोर आहे, माझ्यासमोर लाइन-अप आहे."

"ती सुरुवातीची लाइन-अप आहे. मध्यंतरानंतर त्यांनी बाजू बदलल्यात."

"शुअर?"

"बदलल्या हे शुअर. कॉर्नरला कोण कुठे होता ते नाही. कॉर्नरला सगळे मिसळतात."

"मग फोर टाका ना, नंतर करेक्ट करू. क्लायंट पिंग करतोय. ब्लँक नाही चालत, ताई."

"मी नाही टाकणार."

"ओके, मी माझ्या साइडने टाकतो. पर्सनली नका घेऊ."

माझ्या पडद्यावर रिकाम्या जागी ४ उमटला.

मैदानावर ॲम्ब्युलन्स आली. ती गवतावरून सावकाश चालली होती आणि तिच्यापुढे एक माणूस धावत होता. मी हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवली. भिंतीपलीकडे कॉमेंटेटरचा आवाज कॉर्नरपर्यंत आला होता. तो चढला, मध्येच तुटला आणि खाली आला. इमोचा आवाज आला नाही. ती पाठ करून उभी असणार आणि हातात फोन असणार, हे मला माहीत होतं. फोनवर काय लिहिलेलं आहे तेही माहीत होतं.

पलीकडचं दार उघडलं. मग आमच्या दारावर टकटक झाली.

नवरा आमच्या मुलीचा शाळेचा डबा भरत होता. त्याने दार उघडलं. "या मावशी, या. काय झालं?" पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. मग इमो माझ्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली. सामना चालू असताना त्या खोलीत कोणी येत नाही, हे तिला ठाऊक होतं. ती आत आली नाही. तिथून पडदा दिसत नाही. पडद्याची पाठ दाराकडे असते.

तिचे डोळे भरलेले होते आणि चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता, ज्याची तिला लाजही वाटत असावी.

"माझा नाही," ती म्हणाली. "चार. दुसरा मुलगा. त्याची आई मला ओळखते. दर वर्षी किमचीच्या बरण्या पाठवते. मी काय बोलू तिला? आधी मला बरं वाटलं. बघ ना, आधी बरं वाटलं मला."

नवरा तिच्यामागे उभा होता. "बसा मावशी, पाणी देतो," तो म्हणाला आणि तिथेच उभा राहिला.

मुलगी दप्तर घेऊन दारातून डोकावली. "आई, व्हाय इज इमो क्रायिंग?"

"तू बाहेर बस. बाबा येतायत," मी म्हणाले.

पडद्यावर स्ट्रेचर कड्याच्या आत गेलं होतं. मानेभोवती पट्टा बांधत असावेत. तसं करायला वेळ लागतो आणि तेवढाच वेळ लागत होता. गोलपोस्टला टेकलेला खेळाडू अजून जर्सीत तोंड खुपसून होता. मी त्याच्या बुटांकडे पाहिलं. दोघांचे बूट पांढरे होते.

"इमो," मी म्हणाले, "तो चार मी टाकलेला नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुझं ॲप तर तू लिहितेस."

"हे मी लिहिलेलं नाही. मला नंबर दिसलेला नाही. अजून कोणालाच दिसलेला नाही."

"पण चार लिहिलंय."

"अंदाज आहे तो."

तिने फोनकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. अंदाजासाठी मी वापरलेला इंग्रजी शब्द तिला कळला की नाही, याची मला खात्री नव्हती. मग तिने दाराच्या चौकटीला हात टेकला. कळला होता.

"तू आधी बघतेस," ती म्हणाली. "मला माहितीये, तू आधी बघतेस. सांग."

"दिसल्यावर."

नवरा मराठीत म्हणाला, "अगं, तुला सांगायला परवानगी आहे का?"

मी पडद्याकडे वळले.

स्ट्रेचर उचललं. ते कड्यातून बाहेर पडलं तेव्हा अंगावर चंदेरी चादर होती. ॲम्ब्युलन्सचं दार बंद झालं. चेहरा किंवा नंबर दिसला नाही. ॲम्ब्युलन्स गेली, आणि टचलाइनवर चौथ्या पंचाने खेळाडू बदलाचा बोर्ड हातात घेतला. त्यावर बाहेर जाणाऱ्याचा नंबर लाल दिव्यांत येतो, आत येणाऱ्याचा हिरव्या. बोर्ड उचलताना आकड्यांची बाजू त्याच्यामागच्या प्रेक्षकांकडे होती. मग त्याने तो मैदानाकडे वळवला.

लाल आकडा २० होता.

"ताई, ट्वेंटी," हेडफोनमध्ये सुपरवायझर म्हणाला. "ट्वेंटी आहे. शिट. तुम्ही टाकता की मी टाकू?"

"मी टाकते. थांब."

मी कीबोर्डवरून हात काढले. हेडफोन उतरवून टेबलावर ठेवला आणि खुर्ची दाराकडे वळवली.

"इमो, वीस," मी म्हणाले. "बोर्डवर वीस आहे. त्याला ॲम्ब्युलन्समधून नेलंय. शुद्धीवर आहे की नाही, ते मला दिसलेलं नाही. एवढंच माहीत आहे."

मी वळले आणि ४ खोडून २० टाकलं. तिच्या हातातला फोन थरथरला. तिने तो पाहिला नाही. नंतर भिंतीपलीकडून, तिच्या रिकाम्या खोलीतून, कॉमेंटेटरचा आवाज आला. त्याने आधी कोरियनमध्ये वीस हा आकडा म्हटला, मग तिच्या मुलाचं नाव, पूर्ण, आडनावापासून, सावकाश. तेव्हा ती खाली बसली. नवऱ्याने तिला धरलं.

सामना पुन्हा सुरू झाला. मी शेवटपर्यंत नोंदी केल्या. नवऱ्याने इमोच्या मुलीला हॉस्पिटलमध्ये फोन लावून बोलावून घेतलं, आमच्या मुलीला शाळेत सोडलं आणि ऑफिसची मीटिंग कॅन्सल केली. इमो आमच्या सोफ्यावर बसून होती. तिचा फोन तिच्या शेजारी होता. तो वाजेपर्यंत ती त्याच्याकडे बघत नव्हती, आणि वाजल्यावर तो उचलायला तिचा हात पुढे होत नव्हता. पहिला फोन ४ नंबरच्या मुलाच्या आईचा होता. तो मात्र तिने घेतला. पलीकडची रडत होती, एवढं ऐकू येत होतं.

सामना पेनल्टींपर्यंत गेला आणि मुलाचा संघ हरला. ४ नंबरच्या खेळाडूने शेवटची पेनल्टी मारली. ती क्रॉसबारवरून गेली. ते मी नोंदवलं.

त्यानंतर क्लबने आपल्या पानावर दोन ओळी टाकल्या. इमोच्या मुलीने त्या आम्हाला वाचून दाखवल्या. खेळाडूला डोक्याला आणि मानेला मार आहे. तपासण्या चालू आहेत. शुद्धीवर असल्याचं त्यात म्हटलं नव्हतं, नसल्याचंही नव्हतं. तिने त्या पुन्हा वाचल्या. नर्स असल्यामुळे तिला काय लिहिलेलं नाही ते कळत होतं. ते ती आईसमोर बोलली नाही; बाल्कनीत येऊन माझ्याशी बोलली.

"मान लिहिलंय," ती इंग्रजीत म्हणाली. "मान लिहायला नको होतं त्यांनी."

दुपारी नवऱ्याने दोघींना डॅलसच्या विमानतळावर सोडलं. निघताना इमोने मला आपल्या अपार्टमेंटची चावी दिली. बाल्कनीत तिच्या कुंड्या आहेत, दातेरी कडांची मोठी हिरवी पानं, भात गुंडाळून खायची. त्यांना रोज पाणी लागतं. टीव्ही चालूच राहिला होता. तो मी संध्याकाळी जाऊन बंद केला. फ्रीजवरचा फोटो नव्हता. तो तिने सोबत नेला होता. चुंबक तिथेच होता.

टीव्हीवर येण्याआधी मी नंबर शेजारणीला सांगितला, हे मी त्याच दिवशी कंपनीला लिहून कळवलं. सुपरवायझरचा फोन आला.

"ताई, हे लिहायची काय गरज होती? कोणाला कळलं असतं?"

"झालं ते लिहिलं."

"तुम्ही पेपरवाले ना..." तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "कसा आहे तो?"

"माहीत नाही."

"मी फोर टाकायला नको होता."

कोरियाच्या लीग माझ्याकडून काढून घेण्यात आल्या. आता माझ्याकडे दुसऱ्या देशाची लीग आहे. तिचे सामने इथल्या दुपारी होतात. त्यात कॉर्नर आला की मी अजूनही चेंडू कोणाकडे गेला हे दिसेपर्यंत काही टाकत नाही. भिंतीपलीकडे आवाज नसतो. कुंड्यांना मी पाणी घालते. पानं मोठी झाली आहेत. काही पिवळी पडली, ती काढून टाकली.

विमान उतरल्यावर इमोच्या मुलीचा मेसेज आला होता: ऑपरेशन झालं, बेशुद्ध आहे. नंतर काही दिवस मेसेज आला नाही. मी विचारलं नाही. नवरा सकाळ-संध्याकाळ विचारायचा, "मावशींचं काही?" आणि मी मान हलवायचे. क्लबच्या पानावर पुढच्या सामन्याची संघनिवड आली. २० नंबर त्यात नव्हता, राखीव खेळाडूंतही नव्हता. ४ नंबरचाही नव्हता.

मग एका सकाळी इमोचा स्वतःचा मेसेज आला, तिच्या इंग्रजीत. डोळे उघडले. मला ओळखलं. डावा हात हलतो. उजवा हात, डॉक्टर म्हणतात, थांबा.

त्यानंतरचा मेसेज अजून आलेला नाही.